गा ल गा गा

लश्करात, खासगी बाजाराच्या मागे
लघाटेबाईंच्या गच्चीवर फूट-फूट चौरस फरशी,
ग्वाल्हेरी दगड, कडेकडेने शेवाळलेला.
डिसेंबरात किल्ल्यावरचं धुकं हटायला अकरा वाजत.
बाई तोवर थांबत नसत.
नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात खिळा ठोकला,
खिळ्याला सुतळी. म्हणाल्या, धर. ताण.
आठ फरश्या पूर्वेला, की पाच उत्तरेला.
जवळजवळ पाच. पाच नाही.

मी अकरावीत.
जवळजवळ हा शब्द गणिताच्या बाईंच्या तोंडून
पहिल्यांदाच ऐकत होतो.

आठव्या फरशीपाशी सुतळी
कोपऱ्याच्या एक बोट खालून गेली,
तेराव्यापाशी अर्धं बोट वरून.
गच्ची मुरैनापर्यंत वाढव, बाई म्हणाल्या,
खिळा सोडला तर हिला दुसरा कोपरा भेटायचा नाही.
चुकेल. पण बारीक बारीक चुकेल.

मग एक सुटी फरशी, जराही न फिरवता,
सुतळीवरून सरकवत नेली.
तिने झाकली तेवढी जागा खडूने आखली. हा पट्टा.
बाहेरचे कोपरे बाद.
आतल्या एकेका कोपऱ्याला गुण्या लावून
सुतळीवर काटकोनात उतरायचं, शाईचा ठिपका द्यायचा.
गुडघे सोलले, पॅंट गेली.
पूर्वेची फरशी सुतळीवर लांब पडते,
उत्तरेची आखूड.
अंतरं दोनच.
बाईंनी ती बोट ठेवून वाचली, वृत्त वाचावं तशी:

गा ल गा गा ल गा ल गा
गा ल गा गा ल

यती कुठे, बाई?
नाही.
मग हे वृत्त कसलं?

दोन ल कधी शेजारी बसत नाहीत.
तीन गा सलग येत नाहीत.
नियम आहे रे, फेर नाही.
घौसच्या मकबऱ्यातली जाळी बघ,
चार पावलांत स्वतःच्या घरी परत येते.
ही येत नाही.
तरी हिचा हवा तो तुकडा तोड,
थोडं पुढे चाल,
तस्साच्या तसा तिथे ठेवलेला असतो.

खाली कुणीतरी कोथिंबिरीवरून भांडत होतं.
बाईंनी सुतळी गुंडाळली.

एकतीस वर्षं मी नगरपालिकेत पाण्याची मीटरं वाचली.
परवा गजकाचा डबा घेऊन गेलो.
एकच गोष्ट फिरत असते दिवसभर,
रामकलीने दारातच बजावलं, कंटाळू नका.

भावाची सायकल, नवी, हुजरात पुलावर घसरली ती.
दूध नासलं.
भावाची सायकल.
भावाची सायकल, पुन्हा अथपासून, घंटीसकट.
दूध नासलं.
सायकल.
दूध.
सायकल.

मी फेऱ्याची वाट पाहत बसलो,
खिशात हात घालून बोटांवर मोजत.
दूध दोनदा शेजारी आलं नाही.
फेरा आला नाही.

मध्येच एक तिसरं अंतर.
गा आणि ल मिळून होईल एवढं, बोलणं नसलेलं.
डोळे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, तेही मागच्या वर्षीचं.
पट्टा अरुंद झाला की ठिपके गळतात
आणि तिसरी लांबी येते,
हे बाईंनीच शिकवलेलं, फळ्यावर, पुढच्या वर्षी.
मुलांनी विचारलं होतं, गळलेले कोपरे कुठे जातात?
कुठे जातील, बाई म्हणाल्या होत्या,
जागेवरच असतात. फरशी उखडली का कुणी?

गजकाचा तुकडा त्यांनी मोडला,
मोठा मला दिला, लहान स्वतःला.

निघताना गच्चीवर गेलो.
गळतीसाठी पांढरा थर मारलाय, सांधे बुजले,
कुठली पूर्वेची, कुठली उत्तरेची, कळत नाही.
खिळा आहे.
शेजारच्या पोरांनी त्याला मांजा बांधून
पार पलीकडच्या टाकीपर्यंत ओढून नेलाय.
किती चढाने, ते मी मोजलं नाही.